फरकाची रक्कम

"मला बाख आवडतो" हे तीन शब्दांचं वाक्य साताऱ्यात मोठ्यानं उच्चारायला मला तीन वर्षं लागली.

पहिला प्रयत्न घरी केला. सौभाग्यवती गवार मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुठली बाग?" दुसरा प्रयत्न ऑफिसात, आमच्या हेडकॅशियरांपाशी. त्यांनी चष्मा वर केला आणि आपुलकीनं विचारलं, "गुण येतोय का? आमची मंडळी घेते. चार थेंब जिभेखाली. झोप चांगली लागते म्हणते." पुष्पौषधीवाले डॉक्टर बाख वेगळे, ते इंग्रज, माझे योहान सेबास्टियन बाख जर्मन, १६८५ साली जन्मले आणि १७५० साली वारले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, पोरांना गाणं शिकवायचे आणि त्यांना दोन बायकांपासून मिळून वीस मुलं झाली, इतकं सगळं मी एका दमात सांगितलं. हेडकॅशियरांच्या मनात यातला फक्त शेवटचा आकडा राहिला. बराच वेळ नोटांचं बंडल तसंच हातात धरून ते म्हणाले, "आणि पगार किती होता हो?"

आता मुळात मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, तोही सेकंड क्लास. वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे गेली. विलायती संगीतावर मतं द्यायचा माझा अधिकार काय, असं वाचक विचारतील. अधिकार शून्य. पण साताऱ्याहून माझी सांगलीला बदली झाली, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या सुट्टीला जोडून गाडीनं येणं-जाणं सुरू झालं. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली. या प्रवासात माणूस एक तर राजकारणावर बोलतो, नाही तर भडंग खातो. मला राजकारणातलं कळत नाही आणि भडंगानं पित्त होतं. राहिलं संगीत.

खरं कारण वेगळं होतं. त्याच वर्षी आमचे अण्णा गेले. अण्णा शाळेत मास्तर आणि गुरुवारच्या भजनी मंडळात पेटीवाले. दिवसकार्य आटोपून सांगलीला परत निघालो होतो. पेटी ऐकावीशी वाटली म्हणून फोनवर शोधलं. दोन-तीन वादनं झाली आणि फोननं आपल्याच मनानं एक गोरा मनुष्य पुढे केला. जाड भिंगांचा चष्मा, इतक्या बुटक्या खुर्चीवर बसलेला की हनुवटी पियानोच्या पट्ट्यांना टेकेल की काय अशी भीती वाटावी. वाजवता वाजवता तो तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. सुरात नव्हे, आपला आपल्याशी, जेवताना माणूस बोलतो तसा. मी ताडकन उठून बसलो. कारण अण्णा अगदी असंच गुणगुणायचे. आई म्हणायची, "पेटी वाजते की तुम्ही?"

तो मनुष्य म्हणजे कॅनडाचा ग्लेन गूल्ड. वाजवत होता ती बाखची १७४१ साली छापलेली 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. पुढे कळलं की जगातल्या निम्म्या समीक्षकांना गूल्डच्या या गुणगुणण्याचा वैताग येतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी पुष्कळ खटपट केली, पण तो आवाज काही पुरता पुसला गेला नाही. ते त्यांचं मत त्यांना लखलाभ. मी बाखच्या घरात शिरलो तो पुढच्या दारानं नाही, गूल्डच्या गुणगुणण्याच्या खिडकीतून शिरलो.

ही रचना बँकवाल्याला आवडावी अशीच आहे. सुरुवातीला एक शांत चाल, तिला म्हणतात आरिया. मग तिच्या खालच्या सुरांच्या आधारावर तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच आरिया. म्हणजे एकूण बत्तीस नोंदी. आणि आरियाची मात्रागटांची संख्या? बत्तीस. दर तिसऱ्या रूपात कॅनन, म्हणजे एकानं जे म्हटलं ते दुसऱ्यानं मागाहून तसंच म्हणायचं. आणि दर वेळी दुसरा एकेक स्वर लांबून सुरू करणार. पहिल्यांदा त्याच स्वरावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असं करत सत्ताविसाव्यात नवव्यावर. ऑडिटरला चहा पाजून परत पाठवावं इतकी स्वच्छ वही! आणि एवढं सगळं तंतोतंत जुळवून तिसाव्या रूपात बुवांनी काय केलं असेल? रस्त्यावरची दोन गाणी एकमेकांत गुंफून दिली. त्यातल्या एकात कोबी आणि सलगमानं आपल्याला घरातून पळवून लावल्याची तक्रार आहे. खाणावळीत जेवणाऱ्या प्रत्येक बदलीच्या कारकुनाला हे तिसावं रूप समजलंच पाहिजे.

गूल्डनं ही रचना दोनदा मुद्रित केली. पहिली १९५५ साली, बाविसाव्या वर्षी. दुसरी १९८१ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. न्यूयॉर्कमधला स्टुडिओ तोच. पहिली साधारण अडतीस मिनिटांत आटपते, दुसरीला एक्कावन्न लागतात. याच्यावर तिकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं मत काउंटरवरून दिसणारं आहे. नवा पोरगा कॅशला बसला की नोटा कशा मोजतो? फर्रर्र! समोरच्या रांगेनं बघावं म्हणून. हिशेब चुकत नाही त्याचा, उलट अचूक असतो. पण त्या मोजण्यात 'बघा' आहे. पंचवीस वर्षांनी तोच माणूस तेच बंडल मोजतो तेव्हा प्रत्येक नोट अंगठ्याखालून जाऊ देतो. मोजण्यानं रक्कम वाढत नाही हे त्याला आता कळलेलं असतं. १९५५ चा गूल्ड ऐकताना किर्लोस्करवाडी कधी गेली कळत नाही. १९८१ चा ऐकताना किर्लोस्करवाडीला गाडी थांबली आणि ती थांबलेलीच बरी, असं वाटतं. दुसरी तबकडी बाजारात आली १९८२ साली आणि थोड्याच दिवसांत, पन्नाशी पुरी होते न होते तोच, तो वारला. शेवटची आरिया ऐकताना हे ठाऊक नसलेलं बरं. आता मी सांगून बसलो, माफ करा.

गूल्ड पियानोवर वाजवतो, पण बाखनं ही रचना लिहिली ती हार्पसिकॉर्डसाठी. पियानोत तारेवर हातोडी पडते. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या काडीचं टोक तार छेडतं. म्हणजे दिसायला पेटीचा चुलता आणि स्वभावानं सतारीची मावशी. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. हे वाद्य विसाव्या शतकात पुन्हा मानानं बसवलं ते वांडा लांडोव्स्का या बाईंनी. १९३३ साली त्यांनी गोल्डबर्गचं पहिलं संपूर्ण हार्पसिकॉर्ड-मुद्रण केलं. मला ते ऐकून पहिल्यांदा असं वाटलं, की कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा जिन्यावरून सोडलाय. मग विचार केला, आपल्याला कळत नाही तर कळणाऱ्याला विचारावं. मिरज पलीकडच्या स्टेशनावर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी हत्यारं सोडून तंबोरे घडवायला घेतले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका कारागीर चाचांच्या दुकानात जाऊन मी फोन पुढे धरला.

चाचांनी भोपळा घासता घासता मिनिटभर ऐकलं. म्हणाले, "ह्यात लोखंड लई आहे." मी थक्क! कारण लांडोव्स्काबाईंचं ते प्लेयेल कंपनीचं वाद्य खरोखरच लोखंडी चौकटीचं, पियानोसारखं भक्कम बांधलेलं होतं. मग मी अलीकडचं एक मुद्रण लावलं, अठराव्या शतकातल्या वाद्याबरहुकूम घडवलेल्या हार्पसिकॉर्डवरचं. चाचांचा हात थांबला. म्हणाले, "आता लाकूड बोलतंय. जवारी काढली की झालं." ऐतिहासिक वाद्यांच्या पुनरुज्जीवनावरची अर्ध्या शतकाची विलायती चर्चा चाचांनी दोन वाक्यांत संपवली आणि पुन्हा भोपळा घासायला घेतला.

आता थोडं हिशेबाकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय.

१७२२ साली बाखनं एक वही लिहिली: पट्टीच्या बारा स्वरांपैकी प्रत्येकावरून दोन-दोन जोड्या, एकूण चोवीस. नाव 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर', म्हणजे 'नीट लावलेली पेटी'. वीसेक वर्षांनी आणखी चोवीसांची दुसरी वही. नीट लावलेली म्हणजे काय? साध्या भाषेत सांगतो. षड्जापासून निघा आणि शुद्ध षड्ज-पंचमाच्या अंतरानं एकेक पाऊल वर चढा. बारा पावलांनी सात सप्तकं ओलांडून तुम्ही परत षड्जावर यायला हवं. येत नाही! थोडं पुढे पडतं. सप्तकाचे बाराशे भाग केले तर साधारण साडेतेवीस भागांनी. निसर्गाची टॅली लागत नाही, मंडळी! संध्याकाळी सहा वाजता कॅशमध्ये साडेतेवीस रुपये जास्त आले की आमच्या पोटात गोळा येतो. इथं देवाच्याच कॅशमध्ये फरक.

मग हा फरक टाकायचा कुठं? जुन्या काळी तो एकाच खात्यात कोंबायचे. बाकीचे स्वर गोड, आणि एक जोडी अशी कर्कश, की तिकडे कुणी फिरकायचंच नाही. बाखच्या काळात तो वेगवेगळ्या खात्यांत शहाणपणानं वाटायच्या रीती निघाल्या, म्हणून कुठल्याही स्वरावरून वाजवता येऊ लागलं. आणि पुढे आजच्या पियानोत आणि आपल्या बाजारच्या पेटीत तो बाराही पंचमांत सारखा वाटून टाकला. प्रत्येकाचे दोन-दोन भाग कापले, कुणाची तक्रार नको. सरकारी वाटप! परिणाम असा, की पेटीवर षड्ज सोडला तर एकही स्वर काटेकोर खरा नाही. पंचमाचं फारसं बिघडत नाही. पण गंधार तब्बल चौदा भाग चढा लागतो.

गंमत अशी की या फरकाविरुद्ध साऱ्या हिंदुस्थानात जिद्दीनं कंबर कसणारी दोन माणसं निघाली ती नेमकी सांगलीची आणि साताऱ्याची. सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. साताऱ्याला अर्नेस्ट क्लेमंट्स, डिस्ट्रिक्ट जज्ज. देवलांनी मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेऊन श्रुती मोजल्या, १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. क्लेमंट्ससाहेबांनी १९१३ साली आपलं पुस्तक काढलं. साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' उभी राहिली. साताऱ्यात! आणि बावीस श्रुती वाजतील अशी पेटी घडवून घेतली गेली. प्रत्येक स्वराला त्याची खरी रक्कम, फरक नावाला नको. ही श्रुती-पेटी १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मांडली गेली, पण गवयांच्या गळ्यापुढे तिचा टिकाव लागला नाही. एक कलेक्टर, एक जज्ज. दोघांनाही वाटलं की पुरेशी खाती उघडली की हिशेब लागेल. पण गळा हा चालू खातेदार, तो मिनिटामिनिटाला रक्कम बदलतो. पुढे १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दारच बंद केलं, ते १९७० च्या दशकापर्यंत.

हे मी वाचलं आणि एक जुनी गोष्ट पुन्हा आठवली.

मी आठवीत होतो. आमच्या पेठेतल्या देवळात बाहेरगावच्या एका नामांकित बुवांचं गाणं ठरलं. त्यांचा पेटीवाला आला नाही म्हणून अण्णांना बसवलं. अण्णांनी इस्त्रीचं धोतर नेसलं. गाणं चांगलं रंगलं होतं. मध्येच बुवांनी हात वर करून थांबवलं आणि भरल्या देवळात म्हणाले, "मास्तर, गंधार चढा लागतोय तुमचा. पेटी वाजवायची म्हणजे पट्ट्या दाबायच्या नव्हेत." लोक हसले. अण्णाही हसले. पुढचा सगळा वेळ ते नुसता षड्ज धरून बसले. त्या दिवसापासून त्यांचं गुणगुणणं थांबलं. पेटी माळ्यावर गेली. अठ्ठावीस वर्षं ती तिथंच होती.

तर अण्णा, गंधार चढा होता. बुवांचं बरोबर होतं. पण तो तुमचा नव्हता हो! तो साडेतेवीस भागांच्या वाटपातला होता. फरक पद्धतीचा आणि भरपाई कॅशियरच्या खिशातून, हा बँकेतला अन्याय आम्हाला ठाऊक आहे. तो देवळातही होतो हे कळायला मला लाइपझिगला जाऊन यावं लागलं.

हे बाखनं मला शिकवलं असं म्हटलं तर हेडकॅशियर हसतील. पण त्या अठ्ठेचाळीस जोड्या ऐकताना मला सारखं वाटतं, की या माणसानं फरकाची तक्रार केली नाही. फरक आहेच म्हणाला, आणि त्यावर संसार थाटला.

तक्रार करायला तो घाबरत होता असं मात्र नाही. व्हायमारच्या ड्यूककडे नोकरी असताना दुसरीकडे जाण्यासाठी मोकळीक मागताना त्यानं इतका हट्ट धरला, की ड्यूकनं त्याला ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १७१७ तुरुंगात टाकलं. बदलीचा अर्ज नामंजूर होणं म्हणजे काय हे आम्ही जाणतो, पण हे फारच झालं. १७२३ साली लाइपझिगला नोकरी लागली तीही आधीचे दोघे न मिळाल्यावर, प्रतीक्षायादीतला तिसरा! आणि २३ ऑगस्ट १७३० रोजी त्यानं नगरपालिकेला एक लांबलचक अर्ज केला: चर्चमध्ये गायला माणसं कमी पडतात, प्रत्येक आवाजाला निदान तीन, जमल्यास चार गायक हवेत, वादकांचीही चणचण आहे. स्टाफ शॉर्टेजचा अर्ज! तो वाचून मला वाटलं, हा आमच्याच युनियनचा माणूस.

या अर्जाचे परिणाम आजच्या तबकड्यांवर झालेत. बाखची समूहगायनाची सर्वांत मोठी रचना 'सेंट मॅथ्यू पॅशन', पहिल्यांदा सादर झाली ती ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला, असं आता मानतात. (त्या दिवशी साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. बाखपेक्षा तीन वर्षांनी मोठे, आणि सात महिने आधी वारले. "आपला काय संबंध?" असं सौभाग्यवतींनी विचारलं तेव्हा मी त्यांना आधी हे सांगितलं, आणि मग मेणवलीच्या घाटावरची वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा दाखवायला नेलं. घंटेवर मेरी, कडेवर बाळ आणि साल १७०७. बाख तेव्हा बावीस वर्षांचा. सौभाग्यवतींनी घंटा वाजवली, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे." आमच्या घरात बाखचा प्रवेश तेव्हा झाला.)

तर ही पॅशन गायला माणसं किती? जुन्या पठडीत शंभराच्या आसपास. ऑटो क्लेम्परर यांचं १९६१ चं मुद्रण पावणेचार तासांच्या जवळपास जातं. साताऱ्याहून सांगली गाठून, रिक्षा करून, खोलीचं कुलूप काढलं तरी येशूचं दफन व्हायचंच असतं. जॉन एलियट गार्डिनर यांनी १९८८ साली तेच एक तास कमी वेळात उरकलं. मग अमेरिकन अभ्यासक जोशुआ रिफ्किन यांनी १९८१ पासून मांडलेलं मत, की बाखकडे बहुधा एका आवाजाला एकच गायक असे, ते पॉल मक्रीश यांनी २००३ च्या तबकडीत पॅशनला लावून दाखवलं. हे ऐकायला अप्रतिम. प्रत्येक आवाज सुटा, स्वच्छ. पण त्यात एक जागा आहे: "कुणाला सोडू?" असं विचारल्यावर जमाव एकच शब्द ओरडतो, "बराब्बा!" आठ सुसंस्कृत माणसांनी हा शब्द ओरडला की मला जमाव नाही, हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा दिसते. इथं क्लेम्पररचं शंभर जणांचं ओरडणं पाहिजे. पाठीवरून काटा येतो. उलट, एकट्याचं दुःख जिथं आहे तिथं मक्रीश. आणि दोन्हींचा मध्य हवा असेल तर जपानचे मासाआकी सुझुकी. त्यांच्या बाख कॉलेजियमनं १९९५ ते २०१३ या काळात बाखच्या धार्मिक कँटाटा झाडून मुद्रित केल्या. कोबेचा माणूस अठरा वर्षं हे गाऊन घेऊ शकतो, तर साताऱ्याच्या माणसानं नुसतं ऐकायला काय हरकत आहे?

पॅशन समजायला मला जर्मन लागलं नाही, कारण मी लहानपणी कीर्तनं ऐकली होती. एक हरिदास कथा सांगतो. मध्ये कुणी एकटा पद म्हणतो. सर्वांना ठाऊक असलेली चाल सगळे मिळून धरतात. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, आणि लाइपझिगला त्या दोहोंच्या मध्ये चक्क प्रवचन व्हायचं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या त्या चालींना कोराल म्हणतात. त्यांतली एक चाल पॅशनमध्ये पाच वेळा येते, दर वेळी खालची स्वरसंगत वेगळी. मूळची ती १६०१ सालच्या एका प्रेमगीताची. म्हणजे लावणीच्या चालीवर अभंग बांधावा तसं. आमच्या साताऱ्यात अखेरची दोन-तीन वर्षं काढणाऱ्या रेव्हरंड टिळकांनी याच्या उलट बाजूनं तेच केलं. परक्या चालींची जागा आपल्या भजनांना दिली, हातात टाळ दिले. लोकांना आधीच येत असलेली चाल घ्यावी, आणि तिच्यातून त्यांना न येणारं काहीतरी द्यावं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आणि आता ती जागा, जी मी गाडीत ऐकत नाही. येशूला धरून नेल्यावर पीटर अंगणात बसलेला असतो. तीनदा त्याला विचारतात, "तू याच्याबरोबरचा ना?" तीनदा तो म्हणतो, "मी ओळखत नाही." मग कोंबडा आरवतो. मग एक व्हायोलिन सुरू होतं, आणि त्याच्यामागून एक खालच्या पट्टीतला आवाज दयेची याचना करतो. बाकी काही नाही.

त्या रात्री देवळातून बाहेर पडताना वर्गातल्या पोरांनी मला विचारलं होतं, "पेटीवाले ते तुझे वडील ना रे?" मी म्हटलं होतं, "आमच्या आळीतले आहेत."

अण्णा मागेच चपला शोधत होते. ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. ते व्हायोलिन मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भिलवडी स्टेशन होतं. शेजारच्या बाईंनी पदर सावरून विचारलं, "काय झालं हो दादा? डोळ्यात कोळसा गेला का?" विजेवर गाडी धावत असताना डोळ्यात कोळसा कुठून जाणार! पण मी "हो" म्हणालो.

गेल्या दिवाळीत माळ्यावरची पेटी उतरवली. भात्याला उंदरांनी खिडक्या केल्या होत्या. मिरजेला दुरुस्तीला नेली. कारागीर म्हणाला, "पत्त्या सगळ्या साफ करून सूर लावून देतो. गंधार जरा उतरवून देऊ का? गाण्याबरोबर गोड लागेल." तो एका पट्टीपुरता उतरवता येतो, हे मला आता कळत होतं, पण मग दुसऱ्या कुठल्या पट्टीतून धरला की फरक तिथं निघणार. मी म्हटलं, "राहू द्या. आहे तसाच असू द्या."

गुरुवारी भजनी मंडळात नेली. मला अण्णांनी आठवीपर्यंत शिकवलं तेवढंच येतं. उजव्या हाताची तीन बोटं आणि डाव्या हातानं भाता. अभंग झाले, आरती व्हायची होती. मी ती पाच वेळा येणारी चाल हळूच वाजवली. दुसऱ्या खेपेला दोन टाळकरी मागून आले. तिसऱ्या खेपेला मृदंगवाल्यानं ठेका धरला, जो लाइपझिगला कुणी धरला नसेल. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय.

संपल्यावर मंडळाचे बुवा म्हणाले, "चाल चांगली आहे. कुणाची?"

म्हटलं, "चाल एका लावणीची. बांधणी एका नोकरदाराची."

"कुठल्या खात्यातला?"

"नगरपालिका."

बुवांनी मान डोलावली. "तरीच," ते म्हणाले, "माणूस सोसलेला वाटतो."